आठ जीबीचं मशीन, ताईचे अल्बम आणि भाच्याची ३६००ची हौस

२०२३च्या नवरात्रात ताईचा फोन आला, आणि ताईचा फोन भर दुपारी आला की समजायचं, कॉम्प्युटर. "अरे, हे मशीन आता फेकून देऊ का? तुळशीचं लग्न झालं की माझा सीझन सुरू, आणि हे एक शीट सेव्ह करायला लावलं की मी उठून भाजी फोडणीला टाकून येते तरी ते निळं गोल फिरतच असतं." मागून भाच्याचा आवाज, "मामा, ३६००ची आरजीबीवाली रॅम घे, किट घे, जुनी स्टिक विकून टाकू." (३६०० हा रॅमच्या वेगाचा आकडा, आरजीबी म्हणजे रंगीत दिवे, स्टिक म्हणजे रॅमची पट्टी, आणि किट म्हणजे दोन पट्ट्यांची जोडी.) ताई म्हणाली, "माझ्याकडे पाच हजार आहेत, त्यात काय बसतंय ते तू बघ, याचं ऐकू नकोस."

ताई डोंबिवलीत राहते आणि घरी बसून लग्नाचे अल्बम डिझाइन करते. फोटोग्राफर लोक हार्डडिस्क आणून देतात, ही फोटो निवडते, शीट लावते, प्रिंटला पाठवते. संध्याकाळी सहानंतर तेच मशीन भाच्याचं, तो व्हॅलोरंट खेळतो. म्हणजे एक कॅबिनेट, दोन मालक, आणि दोघांची तक्रार एकच, मशीन स्लो आहे. फक्त दोघांना औषध वेगळं हवं होतं, तिला जास्त रॅम आणि त्याला फास्ट रॅम, आणि पैसे एकालाच पुरणार. मी फोनवर पटकन बोलून गेलो की "अगं आठची अजून एक टाक, सोळा होतील, झालं." नंतर कळलं की हे उत्तर अगदी चूक नव्हतं पण न बघता दिलेलं होतं, म्हणून रविवारी ठाण्याहून गेलो.

मशीन असं: इंटेलचा आय५-१०४००, एच४१० चिपसेटचा साधा बोर्ड (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, बोर्ड काय करू देणार ते तिच्यावर ठरतं), ८ जीबीची एकच डीडीआर४-२६६६ स्टिक (डीडीआर४ ही रॅमची पिढी, २६६६ हा वेग), २५६ जीबीची साटा एसएसडी त्यावर विंडोज, १ टीबीची जुनी हार्डडिस्क डेटाला. ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधल्या यूएचडी ६३० वरच सगळं चाललेलं. लॉकडाऊनमध्ये भाच्याच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेलं, तेव्हा आठ जीबी म्हणजे पुष्कळ वाटले होते.

आधी काही उघडायचं नाही, स्क्रू-ड्रायव्हर बॅगेतच. ताईला सांगितलं, तू रोज काम करतेस तसंच कर, मी नुसता बघतो. तिने क्रोम उघडला (व्हॉट्सअॅप वेब, जीमेल, प्रिंटवाल्याची साइट, आणि एका टॅबवर आस्था चॅनल लाइव्ह, ते विचारू नका), मग फोटोशॉप, मग एकामागून एक चार शीट, कारण एका शीटवरची फ्रेम उचलून दुसऱ्यावर टाकायची तिची सवय आहे. मी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं. वापर ९४ टक्के. त्याच्या खाली कमिटेड म्हणून आकडा असतो तो कुणी बघत नाही, तो बघायचा, तिथे १४ जीबीच्या वर गेलेलं, म्हणजे प्रोग्रामांनी मागितलेत चौदा आणि घरात आहेत आठ. वरचं बरंचसं विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये कोंबत असतं. त्याच खिडकीत उजवीकडे लिहिलेलं होतं, स्पीड २६६६, स्लॉट वापरात २ पैकी १. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ त्याचाच आहे.

मग फोटोशॉपची एक चीज, जी अल्बमवाल्या प्रत्येकाने लावून ठेवली पाहिजे. फाइलच्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात झूमचा आकडा असतो, त्याच्या बाजूच्या बाणावर क्लिक करून एफिशिअन्सी निवडायचं. १०० टक्के दिसतंय म्हणजे काम रॅममध्ये चाललंय, १०० च्या खाली आलं की समजायचं फोटोशॉपला रॅम पुरत नाहीये आणि ते स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे तात्पुरत्या कामाला दिलेल्या डिस्कवर, लिहितंय वाचतंय. ताईच्या मशीनवर पहिल्या शीटला १००, दुसऱ्याला ९० च्या आसपास, चौथं उघडून एक ब्लर लावला तर ५८. आणि कॅबिनेटमधून किर्र किर्र आवाज. एसएसडी आवाज करत नाही, तेव्हा प्रेफरन्सेसमध्ये जाऊन बघितलं, तर स्क्रॅच डिस्क म्हणून डी ड्राइव्ह, म्हणजे ती जुनी हार्डडिस्क. कधीतरी सी भरला म्हणून कोणीतरी बदललेलं. कोणीतरी म्हणजे मीच असणार, दुसरं त्या घरात कोण प्रेफरन्सेस उघडतं.

इथे थोडा हिशोब करू, कारण "आठ जीबी पुरतात का नाही" यावर लोक अंदाजाने भांडतात. अल्बमचं शीट १२ बाय ३६ इंच, प्रिंटला ३०० डीपीआय. म्हणजे ३,६०० गुणिले १०,८००, तीन कोटी ८८ लाख ८० हजार पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर नुसता एक पूर्ण लेयर ११७ एमबीच्या आसपास. फाइल डिस्कवर लहान दिसते ती कॉम्प्रेस झालेली असते, मेमरीत ती फुगून पूर्ण उघडते. आता ताईच्या शीटवर बॅकग्राउंड, त्यावर फुलांचा ओव्हरले, सात-आठ फोटो, त्यांचे मास्क, शॅडो, वर नवरानवरीची नावं, आणि प्रत्येक अनडूसाठी फोटोशॉप मागच्या अवस्था धरून ठेवतं ते वेगळंच. असं एक शीट सहज दीड-दोन जीबी खातं. चार शीट, वर क्रोम, वर विंडोज स्वतः अडीच-तीन जीबी घेऊन बसलेलं. त्यातून प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही याच आठमधून वाटा घेतं, त्याला स्वतःची मेमरी नसते. कुठून पुरणार?

आणि न पुरणं म्हणजे किती महाग पडतं ते बघा. रॅममधून एखादी गोष्ट आणायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. साटा एसएसडीला त्याच्या हजारपट. हार्डडिस्कला, तिचं डोकं फिरून जागेवर यायचं असल्यामुळे, लाखपटीच्या घरात. याउलट हळू रॅम आणि फास्ट रॅम यांच्यात तुम्ही कितीही ताणलं तरी चौदा नॅनोसेकंद विरुद्ध दहा नॅनोसेकंद असला फरक असतो. म्हणजे एका बाजूला पावली-आठ आण्याचा वाद आणि दुसऱ्या बाजूला लाखाचा खड्डा. ताईला हे सांगितलं तर ती फराळाच्या यादीवरून मान वर न करता म्हणाली, "म्हणजे माझ्या ओट्यावर जागा नाही म्हणून मी प्रत्येक डब्यासाठी माळ्यावर चढतेय, आणि हा म्हणतोय आई तू भरभर हात चालव." बरोब्बर तेच. मला हे सांगायला टास्क मॅनेजर लागला.

फुकटचं काम आधी केलं. सी ड्राइव्हवरचा कचरा काढला, जुने डाउनलोड, भाच्याचे दोन न खेळले जाणारे गेम, साठेक जीबी मोकळे झाले, आणि स्क्रॅच डिस्क सी वर आणली. तेच चौथं शीट, तोच ब्लर. एफिशिअन्सी तशीच साठच्या खालीवर, पण सेव्हला आधी मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मिनिट-सव्वा मिनिट लागत होतं ते अर्ध्यावर आलं, किर्र किर्र बंद. म्हणजे अर्धा त्रास एक रुपया न घालता गेला. मी मुद्दाम रॅम घ्यायच्या आधी हे करून वेळ लिहून ठेवली, नाहीतर नंतर सगळं श्रेय नव्या रॅमला जातं आणि आपण पुढच्या माणसाला चुकीचं सांगतो.

आता भाच्याची बाजू. तो काही मूर्खपणा करत नव्हता हे आधी सांगतो. त्याचं म्हणणं, गेममध्ये ग्राफिक्स मेमरीवर चालतं, आपल्याकडे कार्ड नाही, मग रॅम जितकी फास्ट तितके फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, जास्त. तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. फक्त त्याच्या बोर्डावर ते चालणार नव्हतं.

एच४१० वर मेमरीचा स्पीड प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपर्यंतच जातो, आणि दहाव्या पिढीच्या आय३ आणि आय५ ची ती मर्यादा २६६६ आहे, आय७ आणि आय९ असेल तर २९३३. तुम्ही ३२००ची लावा, ३६००ची लावा, सोन्याचा मुलामा दिलेली लावा, ती २६६६ वरच चालणार, एक्सएमपीने, म्हणजे स्टिकवर लिहिलेला जास्तीचा वेग चालू करणाऱ्या सेटिंगने, वर न्यायची सोय या चिपसेटमध्ये नाही. बी५६० या चिपसेटपासून इंटेलने स्वस्त बोर्डांवर ते मोकळं केलं, पण ते एच४१० च्या पुढच्या वर्षी, २०२१ला. त्याने व्हिडिओत जे बघितलं होतं ते दुसऱ्या बोर्डाचं होतं, आणि खोक्यावर बोर्डाच्या नावातली दोन अक्षरं सोडली तर सगळे बोर्ड सारखेच दिसतात. आम्ही बोर्डाच्या साइटवरचा स्पेसिफिकेशनचा तक्ता उघडून त्याला दाखवला. तो दोन मिनिटं गप्प बसला, मग म्हणाला, "आरजीबी तरी लागेल ना?" आरजीबी लागेल, दिवे लागतील, त्याला मर्यादा नाही.

आणि नुसत्या मोठ्या आकड्यावर जाण्यात अजून एक गंमत आहे, सीएल. स्टिकवर सीएल१६, सीएल२२ असं लिहिलेलं असतं, तो आकडा म्हणजे किती घड्याळाचे ठोके थांबायचं, आणि ठोका किती लांब ते स्पीडवर ठरतं. सीएलला २,००० ने गुणायचं आणि स्पीडने भागायचं की नॅनोसेकंद मिळतात. ३६०० सीएल१८ म्हणजे १०. ३२०० सीएल१६ म्हणजे पण १०. आणि बाजारात सगळ्यात स्वस्त मिळते ती ३२०० सीएल२२, तिचे १३.७५, म्हणजे ताईच्या जुन्या २६६६ सीएल१९ च्या १४.२५ च्या शेजारीच राहते. दुकानदार ३२०० एवढंच सांगतो, सीएल विचारला की खोकं उलटंपालटं करून बघायला लागतो.

मग फास्टचं काही खरंच नाही का? आहे, आणि ते मला माझ्याच घरी कळलं, म्हणून इथे थोडं विषयांतर. माझ्याकडे एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आहे, त्यातही कार्ड नाही, आतलंच वेगा ग्राफिक्स. त्याला मी मोठ्या हौसेने ३२०० सीएल१६ची दोन आठची किट घेतली आणि लावली आणि आठ महिने वापरली, आणि एक दिवस सहज टास्क मॅनेजरमध्ये बघतो तर स्पीड २४००. एक्सएमपी चालू करायचं राहिलेलं. अशी किट लावली की बोर्ड पहिल्यांदा सुरक्षित स्पीडवरच उठतो, खोक्यावरचा स्पीड बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन आपण चालू करायचा असतो, आणि हे न करणाऱ्या लोकांची संघटना काढली तर मी आजीव सभासद. चालू केल्यावर बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो ती, ३८.४ वरून ५१.२ जीबी प्रति सेकंद, सरळ एक तृतीयांश जास्त, आणि गेममध्ये ते डोळ्यांना दिसलं. रायझनमध्ये आतलं जोडणारं जाळंसुद्धा मेमरीच्या घड्याळाबरोबर चालतं, त्यामुळे तिथे ३२०० ते ३६०० पर्यंत वेगाला किंमत आहे. पण तेच मशीन कार्ड लावून चालवलं तर? कार्डाला स्वतःची मेमरी असते, मग रॅमचा स्पीड बदलून हाताला फारसं काही लागत नाही. म्हणजे फास्ट रॅमचा खरा गिऱ्हाईक कोण, तर बिनकार्डाचा गेमर, ज्याचा बोर्ड तो वेग घेऊ देतो. भाचा अर्धा बसत होता यात.

उरलेल्या अर्ध्याचं उत्तर त्या रिकाम्या स्लॉटात होतं. एक स्टिक म्हणजे एक चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यातली एकच वाट, २६६६ वर २१.३ जीबी प्रति सेकंद. दोन स्टिक दोन चॅनलवर, ४२.७. दुप्पट! ३६०० जरी चालली असती तरी एका स्टिकने २८.८ च दिले असते. म्हणजे भाच्याला जो वेग हवा होता तो महागड्या स्टिकमध्ये नव्हता, दुसऱ्या स्टिकमध्ये होता, कुठल्याही साध्या दुसऱ्या स्टिकमध्ये. आणि दुसरी स्टिक तर ताईलाही हवीच होती. इतके दिवस मायलेक उगीच भांडत होते.

मग घ्यायचं काय, यावर जेवताना चर्चा. भाच्याची ३६००ची दोन आठची किट, सोळा होतात, दोन चॅनल होतात, पण जुनी आठ विकायची आणि वेगाचे जास्तीचे पैसे पाण्यात. मी आधी बोललेलो तसली आठची अजून एक, सगळ्यात स्वस्त, सोळा आणि दोन चॅनल, पण ताईचं कमिट चौदाच्या वर गेलेलं मी बघितलं होतं, सोळा म्हणजे आज पुरेल आणि पुढच्या सीझनला परत फोन येईल, आणि स्लॉट दोनच, दोन्ही भरले की मग काहीतरी काढूनच टाकावं लागतं. दोन सोळा घेऊन बत्तीस, उत्तम, पण बजेटच्या वर जात होतं. आणि चौथा मार्ग, जुनी आठ तशीच ठेवून शेजारी सोळाची एक, चोवीस. लोक यावर नाक मुरडतात की आठ आणि सोळा अशी विजोड जोडी लावायची नसते. विजोड चालते. इंटेलवाले त्याला फ्लेक्स मोड म्हणतात, दोन्हीकडचे आठ-आठ मिळून पहिले सोळा जीबी दोन चॅनलवर चालतात आणि वर उरलेले आठ एका चॅनलवर. दोन वेगळ्या स्पीडच्या असतील तर दोघी हळू असणारीच्या चालीने चालतात, आणि इथे तर बोर्डच २६६६ वर थांबवणार होता, म्हणजे नुकसान शून्य. धोका एवढाच की दोन कंपन्यांच्या स्टिक कधी कधी एकमेकींशी पटवून घेत नाहीत, म्हणून बदलून देईल अशा दुकानातून घ्यायची. भाऊजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चोवीस. जुनं टाकायचं नाही हे मला पटलं." त्यांना बाकीचं पटलं की नाही देव जाणे.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. ऑनलाइन मिळतं, माहीत आहे, पण हातात घेऊन बघायची खोड. ठाण्याहून फास्टने दादर, पूल ओलांडून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. तेव्हा मेमरी स्वस्त झालेली होती, सोळाची ३२०० सीएल२२ साधी काळी-हिरवी स्टिक तीन हजारांच्या आसपास पडली. एका दुकानात "दादा, गेमिंगवाली घ्या, बत्तीसशे तर आता कोणी घेत नाही" म्हणून आग्रह झाला, मी बोर्डाचं नाव सांगितलं तर त्यानेच हात वर केले. एक मात्र पाहून घेतलं की डीडीआर४ आहे, कारण डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, लांबीही तीच, फक्त खाच वेगळ्या जागी, आणि घाईत खोकी सारखीच वाटतात.

लावताना जे व्हायचं ते झालं. कॅबिनेट टेबलाखाली देवघराच्या भिंतीला लागून, उघडलं तर आत धूळ आणि उदबत्तीच्या राखेचा थर, तो ब्रशने काढला. स्टिक बसवली, बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. भाच्याचा चेहरा पडला, ताई दारात उभी, तिच्या चेहऱ्यावर "मी म्हटलंच होतं" तयार. आता, नवी मेमरी लावली की बोर्ड पहिल्या वेळी तिच्याशी जुळवून घ्यायला वेळ घेतो, एकदोनदा स्वतःच बंद-चालू होतो, तेव्हा मिनिटभर हात लावायचा नाही. मिनिट गेलं, दोन गेली, काही नाही. बंद केलं, वायर काढली, दोन्ही स्टिक काढल्या. जुनीच्या सोनेरी दातांवर काळपट डाग, भाच्याच्या कंपासमधला खोडरबर घेऊन हलक्या हाताने घासले, कापडाने पुसले. आणि नवी परत बसवताना कळलं की मघाशी एका बाजूची कडी लागलीच नव्हती, या स्वस्त बोर्डांना एकाच बाजूला कडी असते आणि दुसरी बाजू बसल्यासारखी वाटते पण बसलेली नसते. अंगठ्याने दोन्ही टोकांना दाबलं, टक्. यावेळी बंद-चालू, बंद-चालू, आणि उठलं. दोष खोडरबराने गेला की कडीने हे मला सांगता येणार नाही, पण ताईच्या मते खोडरबरानेच, आणि तिने तो कंपासमधून काढून माझ्या बॅगेत टाकला.

मग भाच्याने टास्क मॅनेजर उघडला आणि ओरडला, "मामा, फसवलं आपल्याला, बत्तीसशेची घेतली आणि दाखवतंय सव्वीसशे सहासष्ट." अरे बाबा, आठवडाभर हेच सांगत होतो. तेवढ्यावर न थांबता त्याने सीपीयू-झेड हा मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडला, तिथे १,३३३, आता तर रडायलाच आला. सीपीयू-झेड खरं घड्याळ दाखवतं, आणि डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा, म्हणून १,३३३ चे २,६६६. हा प्रश्न मला वर्षातून तीनदा तरी कोणीतरी विचारतं. रात्री मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून लावून सोडला, सकाळी ताईने स्क्रीनचा फोटो पाठवला, एरर शून्य.

एक प्रयोग मी खास भाच्यासाठी केला, कारण त्याला वाटत होतं फ्रेम वाढले तर ते "चोवीस जीबीमुळे". आधी जुनी आठ एकटी: व्हॅलोरंट, सगळं लो, फ्रेम पन्नाशीच्या आसपास आणि मधेच धाडकन खाली. मग आठ काढून नवी सोळा एकटी, म्हणजे रॅम दुप्पट पण चॅनल एकच: फ्रेम तिथेच पन्नाशीत, फक्त मधेच पडायचं थांबलं. मग दोन्ही: सत्तरीच्या वर. रॅमचं आकारमान अडखळणं थांबवतं आणि दुसरं चॅनल वेग देतं, दोन्ही एकाच तीन हजारांत आले पण दोन्ही वेगळी कामं करतात, हे त्याला तिन्ही वेळचे आकडे वहीत स्वतःच्या हाताने लिहिल्यावर पटलं.

तोच प्रयोग ताईच्या शीटवर. सोळा एकटीवर तीन-चार शीटला एफिशिअन्सी १००, पाचवं उघडून क्रोम चालू ठेवला की खाली सरकायला लागली. चोवीसवर सहा शीट उघडली तरी १००. सेव्हचा वेळ वीसेक सेकंदांवर आला, त्याच्या खाली काही केल्या जाईना, कारण आता अडथळा मेमरीचा नव्हताच, फाइल दाबून बारीक करण्यात प्रोसेसरचा वेळ जात होता. इथे रॅम चौसष्ट केली असती तरी वीसचे अठरा झाले नसते. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये त्याचा मेमरीचा वाटा ठरवून दिलेला असतो, मुळात ७० टक्के, तो तसाच ठेवला, क्रोम आणि आस्था चॅनललाही जगू दे.

मशीन आय५ ऐवजी रायझनचं असतं, बी४५० सारख्या बोर्डावर, तर मी वेगळं सांगितलं असतं का? थोडं. तिथे दोन सारख्या आठच्या ३२०० सीएल१६ घेऊन एक्सएमपी चालू कर असं भाच्याला सांगितलं असतं, आणि ताईसाठी तरीही आधी सोळा-सोळाचाच भाव विचारला असता, कारण कमिटेडचा आकडा बोर्ड बघून बदलत नाही. आणि घरात कोणी नुसतं वर्ड, यूट्यूब, बँकेचं काम करत असेल, कमिटेड सहा-सातच्या पुढे जात नसेल, तर त्याने जास्तही घेऊ नये आणि फास्टही घेऊ नये. दुसरा स्लॉट रिकामा असेल तर तो फक्त आपला आहे म्हणून माहीत असू दे.

ताईचा तो सीझन पार पडला, पुढचाही. मग २०२५च्या शेवटी तिने परत फोन केला, आता गिऱ्हाइकं अल्बमबरोबर व्हिडिओही मागतात, ती आठची काढून तिथे सोळाची टाकू या का, बत्तीस होतील. मी म्हटलं टाकू या की, त्यात काय, आणि त्याच दुकानात भाव विचारला. तोपर्यंत एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी कंपन्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलेलं, डिसेंबरात तर मायक्रॉनने क्रुशियल हा आपला घरगुती गिऱ्हाइकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुकानदाराने आकडा सांगितला, मी परत विचारलं, त्याने तोच परत सांगितला. जुनी आठची स्टिक अजून तिथेच आहे.

भाचा आता इंजिनिअरिंगला आहे. त्याला सांगितलं की रॅमचे भाव कुठल्या कुठे गेलेत, तर म्हणाला, "मामा, तेव्हा ३६००ची किट घेऊ दिली असतीत तर आज विकून नफ्यात असतो." यावर माझ्याकडे उत्तर नाही.